खाली गुंता, वर गुन्हेगार

क्विल्ट शिवणाऱ्या लाँगआर्म मशीनवर तीन थरांची क्विल्ट चढवली, तासभर झोकदार वेलबुट्टी काढली आणि मग खाली वाकून अस्तराकडे पाहिलं, तर दोऱ्याचे फासच फास लोंबताहेत. अशा वेळी क्विल्ट करणाऱ्याचा हात हमखास खालचा दोरा गुंडाळलेल्या बॉबिनकडे जातो. गडबड खाली दिसतेय, म्हणजे खालच्याच दोऱ्यात काहीतरी बिघडलंय, हा हिशेब वरवर बिनचूक वाटतो. प्रत्यक्षात तो बहुतेकदा उलटा असतो.

हे मशीन अमेरिकेतलं. मिसूरी, आयोवा, युटा या राज्यांत त्याचे मोठे कारखाने आहेत आणि गावोगावी ‘तुमची क्विल्ट शिवून देतो’ म्हणणारे व्यावसायिक ते चालवतात. घरगुती शिलाई मशीनमध्ये सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यात सहा ते नऊ इंच जागा असते. लाँगआर्ममध्ये ती 18 ते 30 इंच. मोठा फरक मात्र वेगळाच आहे. घरच्या मशीनवर दाते कापड पुढे ओढतात आणि टीप एकाच दिशेनं पडते. लाँगआर्मवर कापड रुळांवर ताणलेलं, जागच्या जागी असतं आणि मशीनच रेल्वेसारखं पट्ट्यांवर धावतं: डावीकडे, उजवीकडे, मागे, तिरपं, गोल. मिनिटाला दोन हजारांच्या आसपास टाके, आणि दोऱ्याला दर क्षणी नव्या दिशेचा हिसका. साध्या मशीनवर जो ताण चालून जातो तो इथे लगेच उघडा पडतो.

हातानं शिवलेल्या आपल्या गोधडीला ताणाचा हा प्रश्नच नाही. धावदोऱ्यात दोरा एकच असतो. तो किती ओढायचा हे शिवणारीचा हात ठरवतो. मशीनची टीप दोन दोऱ्यांची. एलायस हाऊनं 1846मध्ये अमेरिकेत ज्या टाक्याचं पेटंट घेतलं, तोच हा टाका: सुई वरचा दोरा खाली नेते, खालचा दोरा त्याच्या फासातून जातो आणि दोघांची अढी पडते. क्विल्टमध्ये ही अढी वरच्या जोडकामातही दिसायला नको आणि खालच्या अस्तरातही. ती मधल्या कापसाच्या किंवा पॉलिएस्टरच्या थरात लपली पाहिजे. जो दोरा जास्त ओढतो तो अढी आपल्याकडे खेचतो. म्हणजे अस्तरावर वरच्या दोऱ्याचे फास आले, तर वरचा दोरा सैल आहे. क्विल्टच्या दर्शनी बाजूला खालच्या दोऱ्याचे ठिपके चमकू लागले, तर वरचा जास्त घट्ट आहे किंवा बॉबिन फार सैल आहे. दोष ज्या बाजूला दिसतो, तिथेच त्याचं कारण असेल असं नाही.

खाली अगदी घरटंच झालं असेल, तर वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये तो बसलेलाच नाही असं बऱ्याचदा निघतं. तो चकत्यांच्या कडेवर तरंगत असतो आणि मालक मात्र ताणाचं बटण गोल गोल फिरवत बसतो. पूर्ण दोरा काढून पुन्हा ओवला, चकत्यांमधला कापसाचा भुगा साफ केला, की अर्धी प्रकरणं तिथेच मिटतात.

दुसरा समज यापेक्षा महाग पडतो: ‘बॉबिन केसच्या स्क्रूला हात लावायचा नाही, तो कारखान्यातून बरोबर लावून येतो.’ घरगुती मशीनपुरता हा सल्ला शहाणपणाचा आहे. लाँगआर्मवर मात्र काम उलट्या क्रमानं चालतं. आधी बॉबिनचा ताण ठरवायचा, मग वरचा दोरा त्याच्याशी जुळवायचा. कारण कारखान्यात ज्या दोऱ्यावर तो स्क्रू लावला, तो दोरा तुमच्या बॉबिनवर असेलच असं नाही. बॉबिन जिच्यात बसते त्या केसवर दोन स्क्रू असतात. मोठा ताणाचा, तर बारीक स्क्रू दोरा दाबणारी पट्टी धरून ठेवणारा. फिरवायचा तो मोठा, आणि तोही घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटं सरकेल इतकाच. त्याआधी पट्टीखाली जाड कागदाचा कोपरा सरकवून भुगा काढावा. धाग्याचा एक तुसा अडकला तरी सारं माप चुकतं.

ताण मोजायचा कसा? जुनी रीत हाताची. दोऱ्याचं टोक धरून केस लोंबती ठेवायची आणि हलका झटका द्यायचा. ती दोन-तीन इंच सरकून थांबावी. सुळकन खाली गेली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट. नवी रीत म्हणजे टोवा नावाचं छोटं जपानी मापक. केस त्यात बसवायची, दोरा सावकाश ओढायचा, काटा आकडा दाखवतो. बरेच क्विल्टर 180 ते 220च्या आसपास सुरुवात करतात. मापकाचा खरा फायदा हा, की आज जमलेला ताण महिनाभरानंतर पुन्हा तसाच लावता येतो. झटक्याच्या रीतीत हाताची सवय चुकली की माप चुकलं.

पण आकडा वहीत लिहून ठेवला म्हणजे काम झालं, हाही भ्रमच. दोरा बदलला, त्याचा रंग बदलला, मधला थर पातळ सुतीऐवजी फुगीर लोकरीचा घेतला, तरी अढीची जागा हलते. पॉलिएस्टरचा दोरा शिवताना ताणला जातो आणि नंतर आखडतो. त्याला सैल ठेवावं लागतं. म्हणून जाणते लोक क्विल्टच्या कडेला अस्तर आणि भराव चार इंच जास्त ठेवतात आणि प्रत्येक क्विल्टची चाचणी तिथेच घेतात. वर एका रंगाचा, खाली दुसऱ्या रंगाचा दोरा घेऊन. सरळ रेघ मारून उपयोग नाही, ती नेहमीच बरी येते. गोल आणि नागमोडी रेघा चारही दिशांना काढायच्या आणि मग नखानं टीप चाचपायची: दोरा कापडावर तारेसारखा सपाट पडला असेल तर तो घट्ट आहे.

‘घट्ट टीप म्हणजे मजबूत टीप’ हे तर शिंप्यांच्याही तोंडी असतं. क्विल्ट मात्र ओढली जाते, धुतली जाते, तिच्यावर माणसं लोळतात. तारेसारखा ताणलेला सुती दोरा अशा वेळी तटकन तुटतो.

सगळाच दोष ताणाचा नसतो, हे मात्र तंत्रज्ञांना वारंवार सांगावं लागतं. वळणावर पापणीच्या केसांसारखे फास येत असतील, तर बहुधा हात वेगानं फिरतोय आणि सुई वाकतेय. क्विल्ट ढोलकीच्या पुडीसारखी ताणली असेल तरीही तेच. खालून बोट लावून ती चिमटीत पकडता यावी, इतकी ढील हवी. सुई कणभर वाकडी बसली, तिच्या टोकाला ओरखडा पडला, जाड दोऱ्यासाठी ती बारीक निघाली, तर दोरा उसवल्यासारखा तुटतो. टाक्यात बसण्याआधी तोच दोरा सुईच्या नाकातून कितीतरी वेळा वरखाली घासलेला असतो. बटण फिरवण्याआधी नवी सुई घालून बघणं स्वस्त पडतं.

दोऱ्याच्या जाडीचा गोंधळही रिळावरच्या आकड्यामुळे होतो. 50 नंबरचा दोरा 40 नंबरपेक्षा जाड असं अनेकांना वाटतं. हिशेब उलटा आहे: 40 नंबर म्हणजे 40 किलोमीटर दोऱ्याचं वजन एक किलो, 50 नंबर म्हणजे 50 किलोमीटरचं. आकडा वाढला की दोरा बारीक. टेक्सच्या मापात मात्र नेमकं याच्या विरुद्ध. तिथे हजार मीटरचं वजन ग्रॅममध्ये देतात, त्यामुळे आकडा वाढला की दोरा जाड.

उरले ठिपके. वर काळा दोरा, खाली पांढरा, मध्ये पातळ भराव असेल, तर ताण कितीही नेमका ठेवा, कुठेतरी एखादा कण डोकावतोच. अमेरिकेतल्या प्रदर्शनांत परीक्षक क्विल्ट उलटून पाठही बघतात आणि हे कण त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत. म्हणून स्पर्धेला क्विल्ट पाठवणारे अनेकजण वरखाली एकाच रंगाचा दोरा घेतात, किंवा अस्तरच असं बारीक छापाचं निवडतात, की ठिपका नक्षीत मिसळून जातो.