जुन्या मोटारसायकलीचा चकती-ब्रेक: आधीं दुरुस्ती, मग सुधारणा

मोटारसायकल थांबवितांना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. त्यामुळें थांबविण्याचें बहुतेक काम पुढच्या ब्रेकवरच पडतें. असें असतां पुढचा ब्रेक बिघडला म्हणजे कित्येक मालक मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवून वर्षानुवर्षें गाडी हांकतात. दुसरे कित्येक एकदम महागडे नवे भाग बसवून मोकळे होतात. हे दोन्ही मार्ग धोक्याचे होत. जुना ब्रेक दुबळा वाटतो याचें कारण बहुधा रचनेंत नसून हयगयींत असतें. तेव्हां प्रथम तो मूळच्या स्थितीस आणावा आणि मगच सुधारणेचा विचार करावा, असें आमचें मत आहे.

उदाहरणादाखल जपानच्या होंडा कंपनीची सीबी ७५० ही गाडी घेऊं. ती इ. स. १९६९ मध्यें विक्रीस आली. मोठ्या प्रमाणावर तयार झालेल्या मोटारसायकलींत पुढें तेलाच्या दाबाचा चकती-ब्रेक कारखान्यांतूनच बसवून येणाऱ्या आरंभींच्या गाड्यांपैकीं ती एक होय. आपल्याकडील जुन्या येझदी व राजदूत गाड्यांस पुढें ड्रमचा ब्रेक असे. त्यांवर चकती बसवूं पाहणारांसही पुढील माहिती उपयोगीं पडेल.

रचना

मुठीजवळच्या मास्टर सिलिंडरांत सुमारें १४ मिलिमीटर व्यासाचा लहान दट्ट्या असतो. चाकाजवळच्या कॅलिपरमध्यें सुमारें ३८ मिलिमीटरचा मोठा. दोहोंच्या क्षेत्रफळांचें प्रमाण सातपटींहून थोडें अधिक पडतें, आणि जोरही त्याच प्रमाणांत वाढतो. मात्र पहारेनें धोंडा उचलतांना हात पुष्कळ खालीं जातो व धोंडा थोडाच वर येतो, तोच न्याय येथें लागू आहे. मोठा दट्ट्या अगदीं थोडा सरकतो. म्हणून तेलांत थोडी जरी हवा शिरली तरी दांड्याची सारी चाल ती हवा दाबण्यांतच खर्च होते.

दट्ट्या मागें घेण्यास कॅलिपरमध्यें स्प्रिंग नसते. त्याच्याभोंवतींचें चौकोनी छेदाचें रबरी सील दाबाबरोबर किंचित् वांकतें आणि दाब सुटतांच पूर्ववत् होऊन दट्ट्यास मागें ओढतें. या गाडींत दट्ट्या एकाच बाजूस आहे. दुसऱ्या बाजूचा पॅड चकतीला टेकावा म्हणून सबंध कॅलिपर एका खिळीवर फिरतो. ती खिळ गंजली कीं अर्धा ब्रेक गेलाच म्हणून समजावें.

दोष व त्यांची परीक्षा

१. दांडा मऊ लागतो: तेलांत हवा आहे किंवा जुनी रबरी नळी दाबानें फुगते. कॅलिपरच्या निपलास पारदर्शक नळी लावून तिचें टोंक भांड्यांतील ब्रेकच्या तेलांत बुडवावें. दांडा दाबून धरावा, निपल उघडावें, बंद करावें आणि मगच दांडा सोडावा. बुडबुडे थांबेपर्यंत हें करावें. वरची टांकी रिकामी होऊं देऊं नये. इतकें करूनही दांडा मऊच राहिला तर नळी बदलावी.

२. ब्रेक सुटत नाहीं: हा सर्वांत घातक दोष होय. निपल किंचित् उघडून पाहावें. चाक मोकळें झालें तर दाब आंत अडकला आहे. न झालें तर दट्ट्या किंवा खिळ गंजली आहे. दाब अडकण्याचें नेहमींचें कारण म्हणजे टांकीच्या तळाचें सुईच्या अग्राएवढें परतीचें छिद्र तुंबणें. तेल तापून फुगतें, त्यास परतण्यास वाट मिळत नाहीं, ब्रेक आपोआप आवळत जातो आणि चालत्या गाडीचें चाक जखडतें. टांकीचें झांकण काढून दांडा हळूच दाबावा. तळाशीं तेलाची बारीक उसळी दिसली तर छिद्र मोकळें आहे.

३. दांडा कडक, पण गाडी थांबत नाहीं: पॅड तेलकट किंवा गुळगुळीत झाले असतील, अथवा दट्ट्या अडकला असेल. तेल प्यालेले पॅड टाकूनच द्यावेत.

४. दांडा थरथरतो: चकती वांकली आहे किंवा तिची जाडी असमान झाली आहे.

कॅलिपर उघडल्यावर सीलची खांच मुख्यतः साफ करावी. तेथें साठलेली कीट सीलला दट्ट्यावर आवळते. खड्डे पडलेला दट्ट्या पुनः वापरूं नये. रबरी भाग रॉकेल किंवा पेट्रोलनें कधींही धुवूं नयेत, ते फुगून निकामी होतात. ब्रेकचेंच तेल वापरावें. हें तेल हवेंतील ओलावा शोषतें. डॉट ४ जातीचें ताजें तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरूं शकते. म्हणून दर दोन वर्षांनीं तें बदलावें. डॉट ५ हें सिलिकोनचें तेल त्यांत मिसळूं नये.

सुधारणा

पहिली सुधारणा पोलादी जाळीच्या नळीची. ती फुगत नाहीं. दुसरी चांगल्या पॅडची. तिसरी मास्टर सिलिंडरची, आणि येथेंच पुष्कळ लोक फसतात. मोठ्या व्यासाचा सिलिंडर लावला कीं दांडा कडक लागतो व ब्रेक सुधारल्याचा भास होतो. वस्तुतः जोर कमी झालेला असतो. एका कॅलिपरसाठीं १४ ऐवजीं १२.७ मिलिमीटरचा सिलिंडर घेतला तर तेवढ्याच दाबानें सुमारें एक-पंचमांश अधिक जोर मिळतो. मात्र दांड्याची चाल वाढते. सबब तेलांत हवा मुळींच राहतां कामा नये. उजवीकडे दुसरी चकती व दुसरा कॅलिपर बसविल्यास तेल दुप्पट लागतें. तेव्हां सुमारें १६ मिलिमीटरचा सिलिंडर योग्य होय. ड्रमच्या गाडीवर चकती चढवितांना कॅलिपर धरण्याचे कान असलेला फोर्क लागतो. पातळ पट्टीवर कॅलिपर टांगणें म्हणजे जीव टांगणें होय.

काम संपल्यावर प्रथम मोकळ्या मैदानांत हळूहळू परीक्षा घ्यावी आणि थांबल्यावर चाक हातानें फिरवून पाहावें. तें सहज फिरलें तरच रस्ता धरावा. गाडी थांबत नाहीं हें पहिल्याच वळणावर कळतें. ब्रेक सुटत नाहीं हें मात्र चाक जखडेपर्यंत कळत नाहीं.