लढाई संपते, मन घरी येत नाही

सैनिक घरी परततो. पण रात्री दचकून उठतो, मुलांवर खेकसतो. घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या अनेक अमेरिकन जवानांच्या घरी हेच घडले. त्यांच्यासाठी तेथील सरकारने १९७९ पासून 'व्हेट सेंटर' ही समुपदेशन केंद्रे उघडली.

पण केंद्रात ऐकून घेणारा शिकलेला माणूस हवा, आणि ते शिक्षण तिथेही महागच. नौदलाचे कमांडर जॉन स्कॉट हॅनन यांनी २०१८ मध्ये आत्महत्या केली. त्यांच्या नावाने २०२० मध्ये झालेल्या कायद्यात यासाठी शिष्यवृत्ती ठेवली आहे. मानसशास्त्र, समाजकार्य वा समुपदेशनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची दोन वर्षांपर्यंतची फी सरकार भरते. बदल्यात सहा वर्षे व्हेट सेंटरमध्ये काम करायचे. वैद्यकीय सोयी अपुऱ्या किंवा माजी सैनिकांचे प्रमाण मोठे, अशा भागात जायला तयार असणाऱ्यांना निवडीत प्राधान्य.

शिष्यवृत्तीचे मोल आपल्या घरांना सांगायला नको. आम्हाला मोलाची वाटते ती ही अट. लोकांच्या पैशाने शिकलेला माणूस जिथे गरज, तिथेच जातो.

आपल्याही अनेक घरांतली मुले पलटणीत आहेत. सुट्टीवर आलेला मुलगा गप्प गप्प राहिला, तर त्याला भित्रा म्हणू नका. जवळ बसा, ऐका, डॉक्टरांकडे न्या.