चार दिवस प्रागचे : एक अंदाजपत्रक

बँकेच्या नोकरीत इतरांच्या कर्जप्रकरणांची छाननी करण्यात माझी पस्तीस वर्षे गेली. निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी युरोपातील एकच शहर, तेही निवांतपणे, पाहावयाचे ठरविले आणि चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग निवडली. किल्ला, नदीवरील जुना पूल व जुने नगर ही तिन्ही तेथे चालण्याच्या अंतरात आहेत. १९९२ साली हा ऐतिहासिक भाग जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.

मी उत्साहाने चार दिवसांत तेवीस स्थळांचा तक्ता केला. सौभाग्यवतींनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, "अहो, यात बसायचं कधी?" त्यांचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरत आहे. त्यांनी निम्मी नावे खोडली आणि शुक्रवारची दुपार कोरी ठेवली. परदेशात जाऊन एक दुपार वाया घालवायची, हे माझ्या हिशेबी मनाला मुळीच पटले नव्हते.

प्रथम कागदपत्रांविषयी. चेक प्रजासत्ताक शेंगेन क्षेत्रात आहे. या व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. शेवटच्या आठवड्यावर विसंबू नये. पारपत्र गेल्या दहा वर्षांतील असावे आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध असावे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. आपल्या वयाच्या मंडळींनी रक्तदाब, मधुमेह यांची नोंद विमापत्रात प्रामाणिकपणे करावी. लपविलेला आजार दाव्याच्या वेळी हमखास उघडकीस येतो.

आता माझा प्रांत, पैशांचा. प्रागमध्ये युरो नव्हे, तर कोरुना हे चलन चालते. युरो भरलेल्या कार्डाने कोरुनात रक्कम दिली की पुन्हा एकदा रूपांतर होते आणि त्याचा आकार आपल्यालाच पडतो. दुकानातील यंत्र कधी कधी 'रुपयांत भरायचे की कोरुनात?' असे विचारते. उत्तर नेहमी 'कोरुना' असे द्यावे. रुपयांच्या पर्यायातील दर बहुधा महाग असतो. 'कमिशन नाही' अशी पाटी पाहून नोटा बदलू नयेत, हातात किती कोरुना पडणार ते आधी विचारावे. तेथील कायद्याने २०१९ पासून ग्राहकाला एक चांगले संरक्षण दिले आहे : एक हजार युरोंपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. त्यासाठी पावती मात्र जपून ठेवावी.

भोजनाचा विचार आपल्याला अधिक काळजीपूर्वक करावा लागतो. तेथील सारात अनेकदा मांसाचा अर्क असतो, उकडलेल्या पिठाच्या गोळ्यांत अंडे असते आणि शाकाहारी म्हणून येणाऱ्या पदार्थांत कांदा-बटाटा असतोच. म्हणून आम्ही स्वयंपाकाची सोय असलेली खोली घेतली आणि मूगडाळ, तांदूळ, मेतकूट, खाकरे बरोबर नेले. दूध व दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेण्यास मनाई असल्याने तूप-पेढे घरीच ठेवले. चौविहार पाळणाऱ्यांनी ऋतूचाही विचार करावा. मे महिन्याच्या मध्यावर तेथे सूर्यास्त रात्री पावणेनऊच्या सुमारास होतो, तर डिसेंबरमध्ये दुपारी चारलाच. आम्ही मे निवडला.

पायांचा हिशेब सौभाग्यवतींनी मांडला. रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, तेव्हा जाड तळव्याचे, वापरून सैल झालेले बूटच हवेत. किल्ल्याची चढण आम्ही बावीस क्रमांकाच्या ट्रामने टाळली आणि उतरताना सावकाश पायी आलो. चौथ्या चार्ल्स राजाच्या काळात, १३५७ साली, ज्याचे बांधकाम सुरू झाले तो चार्ल्स पूल सकाळी सहाला पाहिला. गर्दी नव्हती, त्यामुळे कठड्यावरील पुतळ्यांपाशी हवे तितके थांबता आले. १४१० सालच्या खगोलीय घड्याळापुढे मात्र तासाच्या ठोक्याला मोठी दाटी होते. तेथे खिसा सांभाळावा.

माझी चूक शुक्रवारी सकाळी ध्यानात आली. जुन्या ज्यू वस्तीतील पिंकास प्रार्थनागृह मी शनिवारी ठेवले होते आणि शनिवारी, धार्मिक विश्रांतीच्या दिवशी, ते बंद असते. रविवारी पहाटे आमचे विमान होते. तक्ता पुन्हा चाळताना ती कोरी दुपार दिसली. मी काही बोलण्यापूर्वीच सौभाग्यवती म्हणाल्या, "चला, दुपारी जाऊ."

त्या प्रार्थनागृहाच्या भिंतींवर, नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या बोहेमिया-मोराव्हियातील सुमारे ७८,००० ज्यूंची नावे जन्मतारखांसह हाताने लिहिलेली आहेत. १९५० च्या दशकात ती प्रथम लिहिली गेली. पुढे ओलीमुळे वास्तू बंद झाली व नावे नष्ट झाली. १९९० च्या दशकात ती सारी पुन्हा लिहिण्यात आली. मी आयुष्यभर नावांच्या याद्या तपासल्या, पण अशी यादी पाहिली नव्हती. एका आडनावाखाली आई-वडील व मुले ओळीने वाचत गेलो, आणि मग वाचवेना. आम्ही बाहेर येऊन नदीकाठच्या बाकावर बसलो. सूर्य मावळेपर्यंत बराच अवकाश होता. कोणी काही बोलले नाही.

तेविसांपैकी बारा स्थळे पाहावयाची राहिली. त्यांची नावे मला आज तक्ता काढल्याशिवाय आठवत नाहीत. वाचकहो, आपणही असा प्रवास आखाल तेव्हा प्रत्येक स्थळ कोणत्या वारी बंद असते ते आधी पाहावे. एवढे करूनही काही चुकेल. त्यासाठी एक दुपार राखीव ठेवावी.