पडलेला दात आणि पेलाभर दूध

संस्कृतात दाताला ‘द्विज’ असा एक शब्द आहे. पक्षी आधी अंडे म्हणून जन्मतो, मग पिल्लू म्हणून. दातही एकदा दुधाचा येतो आणि पडून पुन्हा येतो. म्हणून दोघांना एकच नाव. शब्द घडवणाऱ्याचे निरीक्षण अचूक होते. त्यात न सांगितलेली गोष्ट एवढीच, की तिसरा जन्म नाही.

मी दंतवैद्य नाही. काही वर्षांपूर्वी दातांविषयीचे लोकाचार गोळा करायला लागलो, तो या विषयाच्या दारात येऊन पोचलो. दुधाचा दात पडला की काय करायचे, याच्या रीती गावोगाव वेगळ्या. कुठे तो कौलावर फेकायचा, कुठे उंदराच्या बिळात टाकून त्याच्याकडे त्याच्यासारखा दात मागायचा, कुठे तुळशीच्या मुळाशी पुरायचा. मागणे उंदराकडेच का, तर त्याचे दात जन्मभर वाढत राहतात. ही माहिती शास्त्रानेही खरी मानलेली आहे.

अशा हकिकती ऐकताना एका आजींनी सहज सांगितले, “आमचा थोरला सायकलवरून पडला, पुढचा दात मुळासकट बाहेर आला. आम्ही तोही कौलावर टाकला. पण मग आलाच नाही हो दुसरा.” मुलाचे वय तेव्हा नऊ. पडलेला दात दुधाचा नव्हता. रीत बरोबर पाळली गेली, पण चुकीच्या दातासाठी. त्यानंतर मी मुद्दाम विचारू लागलो, आणि अशा बऱ्याच गोष्टी कानावर आल्या. कुणी दात साबणाने घासून लख्ख केला, कुणी कागदाच्या पुडीत बांधून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेला. एका क्रीडाशिक्षकांनी तर तो कापसात गुंडाळून, वर नाव लिहून, पालकांच्या हाती दिला होता. निष्काळजीपणा यात कुणाचाच नव्हता. काळजी होती, माहिती नव्हती.

मग वाचायला सुरुवात केली. पुढचे वरचे दोन कायमचे दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात आणि त्यांची मुळे पूर्ण व्हायला आणखी तीनेक वर्षे लागतात. नेमक्या याच वयात मुले झाडावर चढतात, सायकल शिकतात, कबड्डीत तोंडावर आपटतात. तोंडात दोन्ही पिढ्यांचे दात एकत्र नांदत असतात, त्यामुळे घोटाळा होतो. ओळखायची खूण अशी : दुधाचा दात लहान आणि दुधासारखा पांढरा. कायमचा मोठा, किंचित पिवळसर, आणि नवा असेल तर त्याची कड करवतीसारखी. आपणहून पडलेल्या दुधाच्या दाताला मूळ जवळजवळ नसतेच, ते आतल्या आत विरघळून गेलेले असते. अपघाताने निखळलेला दुधाचा दात मात्र मुळासकट येऊ शकतो. तो परत बसवायचा नसतो, कारण त्याच्या वर हाडात पक्क्या दाताचा अंकुर वाढत असतो आणि त्याला इजा होऊ शकते. शंका असेल तर दात टाकू नये, दुधात घालून डॉक्टरांकडे न्यावा.

आता मूळ मुद्दा. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या सुमारे पाचव्या भागाएवढ्या जाडीचा तंतूंचा थर असतो आणि दात त्यात झोळीत टांगल्यासारखा असतो. म्हणून तर सुपारी फोडताना दात थोडा दबतो आणि परत येतो. दात निखळतो तेव्हा हा थर मधोमध फाटतो. काही तंतू खोबणीत राहतात, काही मुळाला चिकटून बाहेर येतात. मुळावरच्या त्या पातळ, जरा बुळबुळीत आवरणातल्या पेशी अजून जिवंत असतात. दात परत बसेल का, आणि बसला तर टिकेल का, हे या पेशींवर ठरते. आणि आपण काय करतो, तर तोच थर मातीसारखा समजून खरवडून काढतो.

निखळलेला दात परत बसवण्याची कल्पना जुनी आहे. सोळाव्या शतकातला फ्रेंच शल्यविशारद आम्ब्रवाझ पारे याने तसे लिहून ठेवले आहे. अठराव्या शतकात लंडनच्या जॉन हंटरने माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रुजवण्याचा प्रयोग केला. त्याच काळात श्रीमंतांसाठी गरीब मुलांचे दात उपटून विकत घेण्याचा किळसवाणा धंदाही लंडनमध्ये चालला आणि रोलंडसनने 1787 मध्ये त्यावर जहरी व्यंगचित्र काढले. पण बसवलेले दात काही महिन्यांनी-वर्षांनी गळत. का गळतात, हे नीट कळायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले.

कोपनहेगनच्या येन्स ओव्हे आंद्रेआसन या डॉक्टरांनी आपले सगळे आयुष्य दातांच्या अपघातांना वाहिले. 1966 मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह, अपघातात निखळून परत बसवलेल्या 110 दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या दातांपैकी दहांतले नऊ दात दोन वर्षांनंतरही झिजलेले नव्हते. दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्यांपैकी जवळपास सगळ्यांची मुळे शरीराने खायला घेतली होती. डॉक्टर तेच, तोंड तेच, फरक घड्याळाचा. आज जगभर मानले जाते की तासभर कोरडा राहिलेल्या दातावरच्या पेशी वाचत नाहीत.

यातला ‘कोरडा’ हा शब्द महत्त्वाचा. मग पाण्यात ठेवला तर? साध्या पाण्यात क्षार फार कमी, त्यामुळे पाणी पेशींत शिरून त्या फुगतात आणि फुटतात. पेशींना हवा असतो रक्ताच्या जवळपास क्षार असलेला, आंबट नसलेला द्रव. स्वीडनमध्ये ब्लोमलोफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या सुमारास वेगवेगळे द्रव तपासले आणि उत्तर प्रयोगशाळेच्या बाहेर, स्वयंपाकघरात सापडले : दूध. गार, साधे, साखर न घातलेले. हा पदार्थ आपल्याकडे टपरीवरही मिळतो. चहावाल्याला फक्त न उकळलेले मागायचे. ताक किंवा दही नको, ते आंबट. कोकणातल्या वाचकांच्या मनात शहाळे येईल. त्यावर आपल्याच देशात प्रयोग झाले आहेत आणि काहींचे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. पण शहाळ्याचे पाणी जरा आम्ल असते आणि इतर प्रयोगांत ते दुधापुढे टिकले नाही. दूध नसेल तर मुलाला पेल्यात थुंकायला सांगून त्या लाळेत दात ठेवावा. काहीच नसेल तर पाणी, कारण वाईट असले तरी ते कोरड्या रुमालापेक्षा बरे.

खरे तर सगळ्यांत उत्तम पेला म्हणजे दाताची स्वतःची खोबण. कायमचा दात आहे याची खात्री असेल, मूल शुद्धीवर असेल आणि घाबरून हिसडे देत नसेल, तर दात वरच्या, चावायच्या भागाला धरून उचलावा, मुळाला बोट लावू नये, माती असेल तर दुधात हलकेच बुचकळावा, आणि शेजारच्या दाताशी बाजू जुळवून हळूच जागी सरकवावा. मग घडी केलेला रुमाल चावून धरायला सांगून निघावे. हात धजावत नसेल, तर दूध आहेच. मात्र मूल बेशुद्ध पडले असेल किंवा उलट्या होत असतील, तर आधी डोक्याची तपासणी, दात नंतर. दात सापडतच नसेल आणि मूल खोकत असेल, तर तो श्वासनलिकेत गेल्याची शक्यता डॉक्टरांना सांगावी. तुटलेला तुकडाही ओला ठेवून न्यावा. तो पुष्कळदा चिकटवता येतो.

पुढचे काम दवाखान्याचे. साधारण दोन आठवडे बारीक लवचीक तारेने दात शेजाऱ्यांना बांधतात, धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी होते, आणि मूळ पूर्ण झालेले असेल तर दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनाल सुरू होते. लहान मुलाच्या उघड्या मुळात कधीकधी रक्तपुरवठा आपणहून परत येतो, म्हणून तिथे डॉक्टर थांबून पाहतात.

एवढा आटापिटा एका दातासाठी कशाला, असे मला एका पालकांनी विचारले. उत्तर वाढीत आहे. पेशी मेल्या की मूळ हाडाला थेट चिकटते. मुलाचा जबडा वाढतो, शेजारचे दात खाली येतात, हा तिथेच अडकून आखूड दिसू लागतो आणि हाड त्याला हळूहळू गिळते. दात मुळीच नसेल, तर इम्प्लांट बसवायला जबड्याची वाढ थांबेपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीने शाळा, गॅदरिंग, कॉलेजचे पहिले वर्ष, हे सगळे काढघाल करायच्या नकली दातावर काढायचे. हसताना तोंडावर हात धरायची सवय तिथे लागते. मी ती पन्नाशीच्या माणसांतही पाहिली आहे.

आमच्या भागातल्या काही शाळांच्या प्रथमोपचार पेट्या मी उघडून पाहिल्या. आयोडीन, पट्ट्या, कापूस, मुदत संपलेले एखादे मलम. दाताविषयी एक ओळही कुठे नव्हती. या उपचारातला निर्णायक भाग डॉक्टरांच्या हाती कधीच नसतो. मूल खुर्चीत बसते तेव्हा तो होऊन गेलेला असतो. मैदानावरचा शिक्षक, बसचा वाहक, शेजारची काकू, यांच्यापैकी कुणीतरी तो केलेला असतो. दंत महाविद्यालयांतले ज्ञान तिथपर्यंत पोचवायला पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवलेला चार ओळींचा कागद पुरेल. एका मुख्याध्यापिकांनी तो चिकटवला आणि खाली स्वतःच्या अक्षरात, दूध कोणत्या दुकानात मिळेल तेही लिहिले.

तासाच्या नियमाचा उलटा अर्थ मात्र कुणी घेऊ नये. दोन तास झाले, पुडीतून आणला, तरी दात घेऊन जावे. तो कायमचा टिकणार नाही हे खरे. पण वाढीच्या वर्षांत हाडाची जागा आणि ओठाचा आकार धरून ठेवतो. आजच्या शिफारशी म्हणूनच उशीर झालेला दातही बहुतेक वेळा बसवा असे सांगतात, आणि पाच वर्षे तरी तपासायला येत राहा असेही.