शुभेच्छापत्रावरील श्रीमुद्रा

वैष्णवजन गोपीचंदनाने अंगावर शंखचक्रांच्या मुद्रा उमटवितात. यंदा दीपावलीच्या शुभेच्छापत्रांवरही घरोघरी स्वहस्ते कोरलेली मुद्रा उमटावी, असे आम्हांस वाटते. पहिल्या खेपेस आम्ही खोडरबरावर सुलटी ‘श्री’ कोरली. कागदावर ती उलटी उमटली! म्हणून कागदावर शिसपेन्सिलीने ‘श्री’ ठळक रेखावी, कागद रबरावर उपडा ठेवून घासावा. अक्षर आपोआप उलटे उतरते. मग रेषा राखून भोवतालचे रबर पात्याने अलगद काढावे. पत्रावर आधी हळदीच्या पाण्याची छटा द्यावी आणि ती वाळल्यावरच शाईचा ठसा टेकवावा. ओल्यावर शाई पसरते. ठसा एकच, तरी प्रत्येक उमटण निराळी. दूर नांदणाऱ्या लेकीस त्या किंचित वाकड्या रेषेत माहेरचा हात ओळखू येईल.