ब्रिटनमधलं ‘इंग्रजीचं वर्ष’: फी भरण्याआधी व्हिसा कोणता ते विचारा

बारावीचा निकाल लागला की परदेशी शिक्षणाच्या जाहिराती तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचतात. इंग्रजी कच्चं असलं तरी चालेल, एक वर्ष ब्रिटनमध्ये भाषा शिका, पुढे तिथंच डिग्री करा, असं सांगितलं जातं. हे सगळं खोटं नाही. अडचण अशी की ‘इंग्रजीचं वर्ष’ या एकाच नावाखाली तीन वेगळे कोर्स येतात आणि तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

पहिला फाउंडेशन इयर. बारावीचे मार्क किंवा विषय थेट प्रवेशाला पुरत नाहीत, त्यांच्यासाठी हा कोर्स. इंग्रजीसोबत गणित, अर्थशास्त्र, विज्ञान असे विषय असतात. ठरलेले मार्क पडले तर डिग्रीच्या पहिल्या वर्षाला जागा मिळते. तो ‘स्टुडंट’ व्हिसावर होतो आणि त्यालाही इंग्रजी लागतंच. युरोपीय मोजमापात किमान ‘बी-1’ पातळी, डिग्रीला ‘बी-2’. डिग्रीसाठी विद्यापीठ स्वतः इंग्रजी तपासू शकतं, काही विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीचे मार्कही धरतात. फाउंडेशनला ती सवलत नाही. तिथं ‘आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय’सारखी सरकारमान्य परीक्षाच द्यावी लागते. साधी आयईएलटीएस देऊन बसलं की फी वाया, वेळही वाया.

दुसरा प्री-सेशनल. डिग्रीची जागा मिळाली आहे, पण इंग्रजीचे बँड थोडे कमी पडलेत, अशांसाठी काही आठवड्यांचा कोर्स. बहुतेक उन्हाळ्यात असतो. निबंध कसा मांडायचा, लेक्चरच्या नोट्स कशा काढायच्या, हे शिकवतात.

तिसरा निव्वळ इंग्रजी भाषेचा कोर्स, 6 ते 11 महिन्यांचा. खरी फसगत होते ती इथं. त्यासाठी बहुधा ‘शॉर्ट-टर्म स्टडी’ नावाचा व्हिसा दिला जातो. या व्हिसावर काम करता येत नाही, अगदी बिनपगारीसुद्धा नाही. मुदत वाढत नाही. तिथं राहून ‘स्टुडंट’ व्हिसात बदलही होत नाही. डिग्री करायची असेल तर घरी परत यायचं आणि नव्यानं अर्ज करायचा. ‘एकदा पोचला की पुढचं तिथंच बघू’ म्हणणाऱ्या एजंटला हा नियम ठाऊक नसेल, यावर विश्वास बसणं कठीण आहे.

घरचं गणित बिघडतं ते कामाच्या तासांवरून. ‘पोरगा तिकडं काम करून हप्ता फेडंल’ या भरवशावर जमीन तारण ठेवली जाते. स्टुडंट व्हिसावर डिग्रीच्या मुलाला कॉलेज चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येतं. विद्यापीठातल्या फाउंडेशनच्या मुलाला फक्त 10. एप्रिल 2025 मध्ये लागू झालेल्या दरानं 18 ते 20 वयाला किमान वेतन ताशी 10 पौंड होतं, म्हणजे आठवड्याला 100 पौंड, महिन्याला सव्वाचारशेच्या आसपास. याउलट लंडनबाहेर राहण्याचा खर्च व्हिसासाठी महिन्याला 1,171 पौंड धरला जातो, तोही नोव्हेंबर 2025 च्या नियमानं आणि फी सोडून. नऊ महिन्यांपर्यंतची ही रक्कम सलग 28 दिवस खात्यावर दाखवावी लागते. शिवाय स्टुडंट व्हिसाला आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड. यातून हप्ता निघत नाही, पोराचं जेवणखाणच कसंबसं निघेल. नुसतं फाउंडेशन करून शिक्षणानंतरचा कामाचा ‘ग्रॅज्युएट’ व्हिसाही मिळत नाही, त्याला डिग्री लागते.

पैसे देण्याआधी एजंटकडून दोन गोष्टी लेखी मागाव्यात: कोर्स कोणत्या व्हिसावर आहे, आणि व्हिसा नाकारला तर किती फी परत मिळेल. पुढच्या प्रवेशाला किती मार्क लागतील, हे विद्यापीठाच्या ऑफर लेटरवरच असायला हवं. एजंटच्या शब्दावर नको, कारण त्याला विद्यापीठाकडून कमिशन मिळत असतं. स्टुडंट व्हिसासाठी प्रायोजक होऊ शकणाऱ्या संस्थांची यादी ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर सगळ्यांना खुली आहे. संस्थेचं नाव मोबाइलवर पाच मिनिटांत तपासता येतं.

शिष्यवृत्तीचंही ऐकून घ्या. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे. बारावीनंतरच्या या वर्षाला ती लागू होत नाही.