अव्वल चौघांच्या उंबरठ्यावर अॅस्टन व्हिला

इंग्लिश प्रीमियर लीगच्या २०२४-२५ च्या मोसमाचा अखेरचा दिवस होता २५ मे २०२५. ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध अॅस्टन व्हिलाला त्या दिवशी साधी बरोबरीही पुरली असती. मध्यंतराच्या तोंडावर गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझला लाल कार्ड मिळाले आणि संघ दहा जणांवर आला. तरीही गोलफलक कोरा असताना मॉर्गन रॉजर्सने चेंडू जाळ्यात धाडला. मात्र चेंडू युनायटेडच्या गोलरक्षकाच्या ताब्यात असल्याचे समजून पंचांनी क्षणभर आधीच शिट्टी फुंकली होती. शिट्टी वाजल्यामुळे चित्रफितीचा आधारही घेता येईना. व्हिलाचा ०-२ असा पराभव झाला. तिकडे न्यूकॅसलही हरला. दोघांचेही ६६ गुण झाले, पण सरस गोलफरकामुळे पाचवे स्थान आणि त्यासोबत चॅम्पियन्स लीगचा प्रवेश न्यूकॅसलला मिळाला.

एका गुणासाठी एवढी हळहळ का, असा प्रश्न क्रिकेटवर पोसलेल्या आपल्याकडील वाचकाला पडू शकेल. युरोपातील या सर्वोच्च स्पर्धेत खेळणाऱ्या क्लबला एका मोसमात कोट्यवधी पौंड मिळतात. त्या पैशातून चांगले खेळाडू येतात आणि त्या खेळाडूंच्या बळावर पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश मिळतो. या चक्रात एकदा शिरलेला क्लब सहसा बाहेर पडत नाही आणि बाहेर असलेल्याला आत शिरता येत नाही. २००५-०६ ते २००८-०९ या सलग चार मोसमांत मँचेस्टर युनायटेड, चेल्सी, लिव्हरपूल आणि आर्सेनल हेच चार संघ पहिल्या चार स्थानांवर होते. केवळ त्यांचा क्रम बदलत राहिला. पुढे अबुधाबीच्या धनाढ्य मालकांमुळे मँचेस्टर सिटी आणि चिकाटीने टॉटनहॅम या पंगतीत येऊन बसले.

व्हिलाला मात्र नवखा म्हणता येणार नाही. एजबॅस्टनच्या मैदानामुळे आपल्याला परिचित असलेल्या बर्मिंगहॅम शहरातील हा क्लब १८७४ मधला. १८८८ मध्ये जगातील पहिली फुटबॉल साखळी सुरू झाली, ती व्हिलाचेच एक संचालक विल्यम मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने. सात वेळा इंग्लंडचे विजेतेपद, त्यातले शेवटचे १९८०-८१ मध्ये, तेही संपूर्ण मोसमात अवघे १४ खेळाडू वापरून! पुढच्याच वर्षी रॉटरडॅम येथे बायर्न म्युनिकला १-० असे नमवून व्हिलाने युरोपियन चषकही जिंकला. नियमित गोलरक्षक जिमी रिमर दहाव्या मिनिटाच्या आतच जायबंदी होऊन बाहेर गेला आणि त्यापूर्वी मुख्य संघाकडून एकच सामना खेळलेल्या नायजेल स्पिंकने किल्ला लढवला. अशा वैभवानंतर पाचच वर्षांनी, १९८७ मध्ये, हा संघ खालच्या श्रेणीत घसरला. व्हिलाच्या वाट्याला चढण आणि उतार नेहमी असे लागोपाठ येतात.

अव्वल चौघांना गाठण्याचा एक गंभीर प्रयत्न यापूर्वीही झाला होता. २००६ मध्ये अमेरिकन उद्योजक रँडी लर्नर यांनी क्लब विकत घेतला आणि मार्टिन ओनील यांच्याकडे प्रशिक्षकपद आले. फेब्रुवारी २००९ मध्ये संघ तिसऱ्या स्थानावर होता. साखळीवर लक्ष केंद्रित करण्यासाठी ओनील यांनी युएफा चषकाच्या मॉस्कोतील सामन्यात दुय्यम संघ उतरवला आणि तो सामना गमावला. त्यानंतर लगेचच स्टोक सिटीविरुद्ध २-० अशी आघाडी अखेरच्या काही मिनिटांत हातातून निसटली. तेथून गाडी रुळावरून घसरली ती घसरलीच. मोसमाअखेर ६२ गुण आणि सहावे स्थान. चौथ्या आर्सेनलचे ७२. मोजक्याच खेळाडूंवर सगळा भार टाकल्याची ती किंमत होती. मग गॅरेथ बॅरी आणि जेम्स मिलनर मँचेस्टर सिटीकडे गेले. २०१० चा मोसम पाच दिवसांवर असताना ओनील यांनीही राजीनामा दिला. २०१५-१६ मध्ये तर ३८ सामन्यांत जेमतेम तीन विजय आणि १७ गुण मिळवून व्हिला तळाला गेला. २०१८ मध्ये कर भरायलाही पैसे नाहीत अशी अवस्था होती. त्या वर्षी नासेफ साविरिस आणि वेस एडेन्स यांनी क्लब ताब्यात घेतला आणि २०१९ मध्ये तो प्रीमियर लीगमध्ये परतला.

ऑक्टोबर २०२२ मध्ये उनाय एमरी यांची नियुक्ती झाली तेव्हा चर्चा होती ती पुन्हा घसरण टाळण्याची. त्या मोसमाची अखेर सातव्या स्थानावर झाली आणि २०२३-२४ मध्ये ६८ गुणांसह संघ चौथा आला. डिसेंबर २०२३ मध्ये एकाच आठवड्यात मँचेस्टर सिटी आणि आर्सेनल यांना व्हिला पार्कवर हार पत्करावी लागली. ऑली वॉटकिन्सने १९ गोल केले आणि १३ गोलांना साहाय्य केले. पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये बायर्नवर पुन्हा १-० असाच विजय मिळाला. उपांत्यपूर्व फेरीत पॅरिस सेंट जर्मेनशी दोन सामन्यांत मिळून ४-५ अशी झुंज झाली आणि अखेर पॅरिसनेच ती स्पर्धा जिंकली. म्हणजे एखाद्या दिवशी कोणालाही हरवण्याची कुवत व्हिलाकडे आली होती, याबद्दल वाद नसावा.

वाद आहे तो ३८ सामन्यांचा. चौथे स्थान मिळाले त्या मोसमातही तिसऱ्या लिव्हरपूलचे ८२ गुण होते आणि विजेत्या सिटीचे ९१. चौथ्या आणि तिसऱ्या पायरीत १४ गुणांचे अंतर! २०२५-२६ मध्येही हाच खेळ दिसला. साखळीच्या पहिल्या चार सामन्यांत संघाला एकही गोल करता आला नाही. त्याच संघाने वर्षअखेरीस सर्व स्पर्धा मिळून सलग ११ विजय नोंदवले आणि लगोलग ३० डिसेंबरला आर्सेनलकडून १-४ असा मारही खाल्ला. दमलेल्या खेळाडूच्या जागी तोडीस तोड खेळाडू उतरवण्याची चैन बलाढ्य क्लबांना परवडते.

आणि इथेच खरी मेख आहे. व्हिलाचे मालक गर्भश्रीमंत आहेत, पण त्यांना हवा तेवढा खर्च करता येत नाही. प्रीमियर लीगच्या नियमानुसार तीन वर्षांत १० कोटी ५० लाख पौंडांहून अधिक तोटा झाल्यास गुण कापले जाऊ शकत होते. व्हिलाला २०२२-२३ या एकाच वर्षात जवळपास १२ कोटी पौंडांचा तोटा झाला. काही खर्च यातून वगळता येतात, तरी खेळाडू विकणे अटळ होते. त्यातही हिशेबाची गंमत अशी, की विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत विभागली जाते, पण आपल्याच अकादमीत घडलेला खेळाडू विकला की सगळी रक्कम निव्वळ नफा. साहजिकच घरचे मूल आधी बाजारात जाते. २०२१ मध्ये जॅक ग्रीलिश १० कोटी पौंडांना सिटीकडे गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये जेकब रॅम्सीला निरोप द्यावा लागला तो न्यूकॅसलकडे, म्हणजे ज्या क्लबने गोलफरकावर पाचवे स्थान पटकावले होते त्याच्याकडेच.

हा नियम म्हणजे वर चढलेल्यांनी शिडी ओढून घेणे आहे, ही तक्रार अगदीच निराधार नाही. मँचेस्टर युनायटेडचे २०२३-२४ मधील उत्पन्न ६६ कोटी पौंडांच्या घरात होते. व्हिलाचे त्याच्या निम्मेही नव्हते. तरीही नियमाची दुसरी बाजू नाकारता येत नाही. उसन्या पैशांवर २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलेला लीड्स युनायटेड २००४ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली खालच्या श्रेणीत गेला. २०१८ चा व्हिलाही त्याच वाटेवर होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी तोट्याची मर्यादा बदलून २०२६-२७ पासून संघावरील खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांपर्यंत रोखण्याचा निर्णय घेतला. युरोपात खेळणाऱ्यांसाठी युएफाची मर्यादा तर ७० टक्के आहे, आणि खर्चाचे नियम मोडल्याबद्दल युएफाने २०२५ मध्ये व्हिलाला दंडही ठोठावला होता.

नवा हिशेब उत्पन्नाशी बांधलेला असल्याने व्हिलापुढचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे उत्पन्न वाढवणे. व्हिला पार्कची क्षमता सुमारे ४२ हजार. एमिरेट्सची ६० हजार, ओल्ड ट्रॅफर्डची ७४ हजार. दर पंधरवड्याला हजारो तिकिटांचा हा फरक पडतो. नॉर्थ स्टँडची पुनर्बांधणी करून क्षमता ५० हजारांवर नेण्याची क्लबची योजना आहे. मैदानाची वीट मात्र वर्षानुवर्षांनी चढते, तर संघातील मातब्बर खेळाडूंची वये त्याआधीच तिशी ओलांडतात. वॉटकिन्सचा जन्म १९९५ चा, मार्टिनेझचा १९९२ चा.